उसन्या गोठ्यातली परीक्षा

"मास्तर, पुन्हा एकदा. शेपटीच्या वरचं हे काय?"

"पुठ्ठा."

"शाबास. आणि हे?"

"अस्तर."

"अस्तर नव्हे हो, कास! शेळीला कुठे अस्तर असतं का?" आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. "बरं, कास कशी पाहिजे?"

"वरून घट्ट टाचलेली. खाली झोळ नको." मास्तर मान डोलावत म्हणाले, "एवढं मात्र मला पटलं आप्पा. झोळ आला की कपडा वाया गेला. शेळीचंही तसंच दिसतंय."

मास्तर म्हणजे शिंपी. पाच-सहा वर्षांपूर्वी आप्पांच्या समोरच्या घरात राहायला आले, पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकलं आणि मागच्या रिकाम्या गोठ्यात चिंध्यांची गाठोडी. शेळी हा प्राणी त्यांनी पाहिला होता तो खिडकीतून, तोही सुईत दोरा ओवताना मान वर केली तरच. आणि आज सकाळी त्याच गोठ्यात, गाठोडी एका कोपऱ्यात ढकलून, आप्पांच्या सगळ्या दुभत्या शेळ्या ओळीने उभ्या होत्या आणि मास्तर त्यांचे मालक झाले होते. म्हणजे दुपारपर्यंत.

हा उपद्व्याप कशासाठी, ते सांगायला हवं. नाहीतर आप्पांना वेड लागलं असं वाटेल. तसं ते लागलंच होतं म्हणा, पण त्याला कारण होतं.

आप्पांना एकच लेक. तिची आई तिच्या लहानपणीच गेली. पोरीला वाढवलं आप्पांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, आणि उरलीसुरली शेळ्यांनी. पोर शिकायला गेली तीही शेळ्यांचंच शिकायला. शिकून परत आली, दप्तर खाली ठेवलं, गोठ्यात एक फेरी मारली आणि म्हणाली, "आप्पा, हा बोकड काढा."

तो बोकड म्हणजे आप्पांचा जीव की प्राण! गुडघ्यापर्यंत लोंबणारे कान, कानांच्या टोकाला वळण, अंगभर ठिपके. नावच मुळी नवरदेव. लोक वाट वाकडी करून त्याला बघायला यायचे आणि आप्पा त्याच्या शेजारी असे उभे राहायचे, जणू ते कान त्यांनीच घडवलेत.

"कानांनी दूध देते का शेळी?" लेक म्हणाली. "मागून बघा त्याला. गुडघे एकमेकांवर घासतायत. त्याच्या आईची कास जमिनीला टेकायची, हे तुम्हीच मला सांगितलंय. ह्याच्या पोरी कशा निघतील?"

"चार बुकं काय शिकलीस, मला शेळी शिकवतेस होय?"

शब्दाने शब्द वाढला. लेक म्हणाली, "तुम्ही शेळीकडे बघतच नाही, आप्पा." आणि आप्पा बोलून गेले, "मग जा, जिथे बघतात तिथे जा!" जिभेला हाड नसतं. पण पोरीच्या स्वभावाला होतं. ती गेली. लांबच्या गावी शेळीपालक संघात नोकरी धरली आणि तिथलीच झाली.

पुढे नवरदेवाच्या पोरी व्यायल्या. एकेकीची कास अशी लोंबायची की चालताना तिचाच पाय तिच्या सडावर पडायचा. एकीची तर कुंपणात अडकून फाटली. आप्पा हळद लावत बसले आणि लावता लावता त्यांना रडू आलं. शेळीसाठी आलं की आणखी कशासाठी, हे त्यांनी ताईलाही सांगितलं नाही. नवरदेवाला बाजारात देऊन आले, त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी गोठ्यात एक स्टूल टाकलं, तेही शेळ्यांच्या मागे. रोज तिथे बसून बघायचं. पाठ कशी आहे, छाती किती रुंद, पुठ्ठ्याला उतार किती, मागचे पाय सरळ पडतात की आत वळतात, कास वर कशी धरून आहे. कान सोडून सगळी शेळी बघायची. मग कुठून तरी एक आखूड कानांचा, भोपळ्यासारख्या तोंडाचा बोकड आणला. त्याला बघायला कुणी वाट वाकडी केली नाही, उलट ज्यांची सरळ होती त्यांनी वाकडी केली. पण पाय असे होते, की चार खांब रोवावेत.

लोक हसायचे. आप्पांना तर सवयच जडली. समोरून येणाऱ्या माणसाला ओळख द्यायचे नाहीत, पुढे निघून गेला की मागून बघून म्हणायचे, "अरे, हा तर आपला पोस्टमन! गुडघा दुखतोय वाटतं त्याचा."

आता तुम्ही म्हणाल, मग लेकीला सांगायचं की हे सगळं. सांगणार कसं? दर रविवारी ताई घरातला एकुलता एक फोन लावायची, मनसोक्त बोलायची आणि शेवटी तो आप्पांच्या कानाला चिकटवायची.

"बरं आहे ना आप्पा?"

"बरं आहे."

"शेळ्या?"

"आहेत."

"खोकला?"

"आहे."

संपलं. 'तुझं खरं होतं' हे शब्द आप्पांच्या घशापर्यंत यायचे आणि खोकला होऊन बाहेर पडायचे. आणि 'घरी ये' हे तर तिथवरही यायचं नाही. ज्या तोंडाने जा म्हटलं, त्या तोंडाने ये कसं म्हणायचं? फोन ठेवला की आप्पा गोठ्यात जाऊन बसायचे. त्यांना वाटायचं, एकदाच तिने इथे यावं, ह्या शेळ्यांच्या मागे उभं राहावं आणि बघावं. जे मला बोलता येत नाही, ते ह्या बोलतील. नवी पिढी व्यायली की त्यांना पहिला विचार तोच यायचा, हे तिने बघायला हवं होतं.

आणि मग संघाच्या चिटणिसांचा फोन आला.

"आप्पा, यंदा तुमच्या भागात शेळ्यांच्या बांध्याची परीक्षा आहे. बुधवारी आणि गुरुवारी. बुधवारी तुमची लेकच परीक्षक आहे."

आप्पांच्या हातातलं वैरणीचं पेंडकं खाली पडलं. "मग बुधवारी माझ्याकडे..."

"छे छे! परीक्षकाने नात्यातल्या शेळ्यांना हात लावायचा नाही, नियम आहे. तुमच्याकडे गुरुवारी आमचे म्हातारे परीक्षक येतील."

म्हणजे बघा! लेक पलीकडच्या गल्लीपर्यंत येणार, गावातल्या समस्त लंगड्या-लुळ्या शेळ्यांच्या पाठीवरून हात फिरवणार, आणि तिच्यासाठी म्हणून ज्या घडवल्या त्या शेळ्या मात्र कुणी म्हातारा बघणार. आप्पा दोन दिवस घुम्यासारखे बसले. तिसऱ्या दिवशी उठले आणि चिटणिसांना फोन करून म्हणाले, "मी शेळ्या विकल्या. सगळ्या. समोरच्या मास्तरांना. त्यांच्याकडे बुधवारी परीक्षा ठेवा. माझं गुरुवारचं रद्द करा."

आप्पांच्या शेळ्या आजवर कधी परीक्षेला उभ्याच राहिल्या नव्हत्या, त्यामुळे कुणाच्या कानात बिल्ला नाही की खूण नाही. चिटणिसांनी "बरं" म्हटलं. ताईला आप्पांनी सांगितलं, "गोठ्याला चुना लावायचाय, शेळ्या जरा समोर नेतो." मास्तरांना काय, गल्लीत माणसं कमी आणि करमणूक त्याहून कमी. ते लगेच तयार झाले. परीक्षक बाई कोण, हे मात्र आप्पांनी त्यांना सांगितलं नाही.

"पण बाईंनी काही विचारलं तर मी काय बोलू?" त्यांनी बुधवारी सकाळी विचारलं.

"जास्त बोलूच नका. आणि हे बघा, फोन चालू करून खिशात ठेवा. मला तिकडे ऐकू आलं पाहिजे."

"मी अडलो तर तुम्ही सांगणार?"

"सांगणार कसलं? नुसतं ऐकणार." आप्पा जरा थांबले. "तिचा आवाज... म्हणजे ती शेळ्यांबद्दल काय म्हणते, ते ऐकायचंय."

मग सकाळभर दोघांनी सराव केला. मास्तर गोठ्यात, आप्पा घरी. "येतंय का ऐकू?" "येतंय." "आता?" "आता नुसतं खरखर." फोन शर्टाच्या खिशातून पायजम्याच्या खिशात गेला आणि पुन्हा शर्टात आला, स्पीकर चालू ठेवूनच. शेळ्यांचं सकाळचं दूध काढलं नव्हतं. परीक्षेत कास भरलेली लागते. रिकाम्या पिशवीवरून पिशवीचा आकार काय कळणार? त्यामुळे शेळ्या तटतटून उभ्या होत्या आणि वळून वळून दाराकडे बघत होत्या. त्यांच्या हिशेबाने कुणीतरी फार उशीर करत होतं.

"चुना कुठाय?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"येतोय, येतोय," म्हणत आप्पा आपल्या रिकाम्या गोठ्यात जाऊन स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला.

"नमस्कार. संघाकडून आलेय."

आप्पांनी डोळे मिटले. रविवारच्या फोनवरचा आवाज घरातला असायचा, दमलेला. हा आवाज कामावरचा होता, ठसठशीत. एवढी मोठी झाली! समोरच्या घरात, चाळीस-पन्नास पावलांवर लेक उभी होती आणि आप्पांना भिंत फोडून जावंसं वाटत होतं.

"या, या बाई. ह्या माझ्या शेळ्या," मास्तर पढवल्याप्रमाणे म्हणाले. "हा पुठ्ठा."

"हो, दिसतोय." मग आवाज जरा खाली आला. "ह्या समोरच्या आप्पांकडून घेतल्यात ना? आज सकाळी कळलं मला. का विकल्या त्यांनी?"

हे आप्पांनी पढवलंच नव्हतं. मास्तरांनी एक क्षण विचार केला आणि बिनदिक्कत कातर चालवली. "थकलेत हो ते."

"थकलेत?"

"फार! उठवत नाही, बसवत नाही. नजर गेली. परवा तर मला ताई म्हणून हाक मारली."

आप्पा स्टुलावरून अर्धे उठले. ओठांवर आलेली शिवी त्यांनी गिळली.

"अंथरुणाला खिळले म्हणा ना," मास्तरांना आता रंग चढला होता. "म्हणाले, मास्तर, बघणारं कुणी राहिलं नाही, घेऊन जा."

लेक म्हणाली, "मला घरून कुणी काही सांगितलं नाही. सकाळपासून फोन लावतेय, सारखा बिझी येतोय." आवाजातला ठसठशीतपणा कुठच्या कुठे गेला होता. फोन बिझी होता तो त्यांच्याच 'येतंय का ऐकू'पायी. पोरीला घोर लावला आपण. आत्ता उठावं, जावं, सांगावं, की मी ठणठणीत आहे. पण मग शेळ्यांचं काय? ती बघेल की नुसती चिडून निघून जाईल? आप्पा उठायचे, पुन्हा बसायचे.

"आधी काम करते," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "मग समोर जाऊन येते. पहिली घ्या."

थोडा वेळ नुसते खुरांचे आवाज.

"पाठ सरळ. छाती रुंद. बरगड्या मोकळ्या." पेन्सिलीची कुरकुर. "पुठ्ठ्याला उतार हवा तेवढाच. कास..." ती थांबली. "कास फार सुरेख धरलीय."

"दुहेरी टीप आहे, बाई," मास्तर म्हणाले.

ती हसली नाही. "कान तर त्या नवरदेवाचेच आहेत. हे टोकाचं वळण मी कुठेही ओळखेन. पण पाय? हे पाय ह्या घराण्यात नव्हते. ह्यांचा बाप कुठला?"

"आहे एक समोर. आखूड कानांचा. तोंड भोपळ्यासारखं."

"असला बोकड कुणी निवडला?"

"आप्पांनीच. दुसरं कोण?"

"आखूड कानांचा बोकड? आप्पांनी?"

"अहो, मागून बघून घेतला म्हणे. मी एकदा हसलो, तर मला म्हणाले, कान काय उशाला घ्यायचेत मास्तर? पाय बघा. गल्लीत सगळ्यांना हेच ऐकवतात. त्यांची एक लेक आहे, तिचं म्हणणं आहे म्हणे ते."

पलीकडून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. आप्पांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले. जे हवं होतं ते मिळालं होतं. शेळ्या बोलल्या होत्या, अगदी स्पष्ट. इथेच आप्पांनी फोन ठेवला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण पुढची शेळी होती ठकी. ठकी म्हणजे सगळ्या खटाटोपाचं सार. आप्पांच्या मते तिच्यासारखे पाय ह्या भूतलावर दुसऱ्या शेळीला नव्हते.

"हिचे मागचे पाय मात्र आत वळतायत," लेकीचा आवाज आला.

"आँ?" आप्पा म्हणाले.

"गुडघे जवळ आलेत. गुण कमी करावे लागतील."

आप्पांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. त्या शिंप्याने ठकीला भिंतीशी दाबून, तिरकी उभी केली असणार! एवढ्या वर्षांची मेहनत, आणि ऐन वेळी उभं करणारा गबाळा! आप्पांचा तोल सुटला.

"वाकडी उभी केलीय तिला! मागचे पाय मोकळे करा मास्तर! मागचे पाय!"

हे मास्तरांच्या छातीतून निघालं.

"कोण बोलतंय?" लेकीने विचारलं.

"गिऱ्हाईक!" मास्तरांनी खिशावर हात दाबला. "पायजम्याचं माप सांगतंय."

"पायजम्याला मागचे पाय?"

"काय सांगू बाई, हल्ली फॅशन कुठे जाईल नेम नाही."

लेक ह्यावर काय म्हणाली ते आप्पांना कळलं नाही, कारण मधे शेळ्या बोलल्या. सगळ्या, एकदम. सकाळपासून कासा तटतटून त्या ज्या आवाजाची वाट बघत होत्या, तो आवाज अखेर आला होता आणि तो ह्या परक्या माणसाच्या खिशात होता. फोनमधून धडपड ऐकू आली, मग कापड टरकल्याचा आवाज, मग मास्तरांचा.

"अहो, खिसा! खिसा सोड! बाई, हिला आवरा, माझा टेप गिळतेय!"

"दाराची कडी लावा आधी!"

"कडी कशी लावू? हात ह्यांच्या तोंडात आहे!"

मग कडी निसटल्याचा खळ्कन आवाज, आणि मग नुसत्या टापा. त्या टापा आप्पांना एका कानाने फोनमधून आणि दुसऱ्या कानाने गल्लीतून ऐकू यायला लागल्या. फोनमधल्या दूर गेल्या आणि गल्लीतल्या जवळ आल्या.

ठकी पहिली आत आली. दूध काढायच्या फळीवर उडी मारून उभी राहिली, कशी तर चारही पाय चौकटीत, पाठ ताठ, चित्र काढून घ्यावं अशी. तिच्यामागून बाकीच्या आल्या आणि एकही चूक न करता आपापल्या जागेवर गेल्या. त्यांच्यामागून छातीशी गुणपत्रकाची पाटी धरलेली लेक आली. तिची नजर शेवटच्या शेळीच्या पायांवर होती, कारण चालत्या शेळीकडे मागून बघितल्याशिवाय परीक्षकाला राहवत नाही. "चाल सरळ," असं ती पुटपुटली आणि मान वर केली.

समोर आप्पा स्टुलावर. फोन कानाला.

"हॅलो," आप्पा फोनमध्ये म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"अंथरुणाला खिळलात म्हणे."

"मी नाही. मास्तरांनी खिळवलं."

"नजर गेली म्हणे."

"आता परत आली." आप्पा उठून उभे राहिले, पण पुढे व्हायचं धाडस होईना. लेकही दारातच थांबली होती. तिचे डोळे लाल होते आणि ती रागावलेली होती, आणि तरी आप्पांना ती फार आपली वाटली.

तेवढ्यात ताई हात पुसत बाहेर आली. "अगंबाई! तू आज कशी? उद्या यायची होतीस ना?"

"उद्या?" आप्पा म्हणाले.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. लेक म्हणाली, "गुरुवारी आमचे म्हातारे परीक्षक तुमच्याकडे येणार होते ना? त्यांची पाटी धरायला मी येणार होते. रजा टाकून. शेळ्यांना हात लावणार नव्हते, नुसती दारात उभी राहून बघणार होते. हा भागही मीच मागून घेतला, त्यासाठी. आत्याला माहीत होतं."

"मला का नाही सांगितलं?" आप्पांनी ताईला विचारलं.

"तुझ्या पोटात काही राहतं का? गावभर करून आला असतास. आणि चुना कुठाय, ते सांग आधी! नुसता गप्प बसला असतास ना, तर उद्या लेकही आली असती आणि शेळ्यांना गुणही मिळाले असते. पण गप्प कधी बसायचं आणि कधी बोलायचं, हे तुला जन्मात कळलं नाही!"

दारात मास्तर येऊन उभे राहिले. खिसा एका टाक्यावर लोंबत होता, गळ्यातला टेप अर्धाच उरला होता. "फोन अजून चालूच आहे," ते धापा टाकत म्हणाले. "बंद करू का?"

"करा," तिघंही एकदम म्हणाले.

लेकीने पाटीवरचा कागद बघितला. वरपासून खालपर्यंत चांगले गुण होते. तिने एकदा तो नीट वाचला आणि त्यावर आडवी रेघ मारली. "नात्यातल्या शेळ्या. वर मालक खोटा. ह्यातलं एक अक्षर संघात जाणार नाही, आप्पा. यंदाची परीक्षा गेली तुमची."

"जाऊ दे," आप्पा म्हणाले. "मी ऐकलंय सगळं." आणि घशाशी नेहमीचा खोकला येतोय असं वाटत असतानाच, खोकल्याच्या जागी दुसरंच काही बाहेर पडलं. "तुझं खरं होतं, पोरी."

लेक फळीजवळ गेली, ठकीच्या मागे उभी राहिली आणि बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिली. पायांकडे बघत होती की तोंड लपवत होती, कुणास ठाऊक.

"सरळ आहेत पाय," शेवटी ती म्हणाली.

"मास्तरांनी वाकडी उभी केली होती."

"ते काय मला दिसलं नव्हतं? मी सांगणारच होते त्यांना नीट उभी करायला. पण मधे पायजमा आला."

आप्पा हसले. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं आणि हसू मावळलं. "मग आता उद्याचं... ते रद्दच ना? मीच केलं रद्द. म्हणजे उद्या कुणी येणार नाही."

"परीक्षक येणार नाहीत."

"हं." आप्पांनी मान खाली घातली.

"रजा मात्र मी टाकलेली आहे," लेक म्हणाली. "ती रद्द करायला अजून वेळ मिळाला नाही."

ताईने पाण्याचा तांब्या आणला होता. लेक उभ्यानेच अर्धा तांब्या प्यायली, उरलेल्या पाण्याने तोंड धुतलं आणि पाटी उचलली. "निघते. पलीकडच्या गल्लीतले लोक शेळ्या धरून ताटकळलेत. दूध काढा आता, जनावरांचे हाल होतायत."

"हो, हो," आप्पा म्हणाले. पण ते दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. लेक गल्लीतून चालत निघाली होती. आप्पा तिच्याकडे मागून बघत होते. ती गेली होती तेव्हाही ते असेच उभे होते का, हे त्यांना आठवेना. बहुतेक तेव्हा त्यांनी पाठ फिरवली होती. खांदे रुंद झालेत. पाठ ताठ आहे, तिच्या आईसारखी. थोडी वाळलीय. आणि...

"अगं थांब!" आप्पा ओरडले. "डावा पाय जपून टाकतेयस. काय झालंय पायाला?"

लेक थांबली. वळली. "नवा बूट चावतोय. आठवडा झाला. ऑफिसात कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

"मग ते घालतेस कशाला? उद्या चपला घालून ये!"

ती क्षणभर तशीच उभी राहिली, आप्पांकडे बघत. मग "बरं" म्हणाली, आणि कोपऱ्यावरून वळली.

आप्पा आत आले, बादली घेतली आणि ठकीपाशी बसले. पहिली धार बादलीत वाजली तोच मागून ताई म्हणाली, "आलं बाई एकदाचं तोंडातून. 'ये' म्हणालास तू तिला."

"मी?" आप्पांनी मान वर केली. "मी चपलांचं म्हणत होतो."